अंशपट्टीवरचे मुक्काम

दुर्बिणीच्या इक्वेटोरियल माउंटचे दोन अक्ष असतात. त्यातला एक पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला की बाकीचे काम एका नॉबवर येते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. दुर्बीण त्याच गतीने पश्चिमेकडे वळवत राहिले की गुरू आयपीसमधून निसटत नाही. फ्राउनहोफरने १८२४ साली डोर्पाटच्या वेधशाळेला दिलेली दुर्बीण याच मांडणीची. गच्चीवरचा स्वस्त माउंट तिच्याच घराण्यातला.

आधी तिपाई समतल करायची. मग दांड्यावर काउंटरवेट आणि त्यानंतरच नळी. हा क्रम उलटला की क्लॅम्प सैल करताच नळी तिपाईवर आपटते, आणि नवशिक्याकडून तो एकदा तरी उलटतोच. वजन मागेपुढे सरकवत नळी सोडली तिथेच थांबली, म्हणजे तोल साधला. फाइंडर दिवसाउजेडी, लांबच्या पाण्याच्या टाकीवर जुळवावा. सूर्याच्या वाटेला जाऊ नये.

खरी मेख अक्षांशाच्या स्क्रूत आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून जवळपास गावाच्या अक्षांशाइतकाच वर दिसतो. त्यामुळे माउंटच्या कडेची अंशपट्टी मालकाची बिऱ्हाडे सांगते: पुण्यात साडेअठरा, नोकरीपायी दिल्लीत साडेअठ्ठावीस, मुलीकडे लंडनला साडेएक्कावन्न. छापील आकडे एखाद-दुसऱ्या अंशाने चुकतात, म्हणून जुने हौशी प्रत्येक गावी पेन्सिलीने आपली खूण करतात. लंडनला अक्ष ऐटीत उभा राहतो. पुण्यात तो इतका आडवा होतो की काउंटरवेट बऱ्याचदा उत्तरेच्या पायालाच अडतो. मग उत्तरेला पाय न ठेवता दोन पायांमधली फट ठेवावी लागते.

अक्ष उत्तरेला वळवताना होकायंत्र लोखंडी पायाजवळ धरले तर ते उत्तर भलतीकडेच दाखवते; त्यापेक्षा अक्ष ध्रुवताऱ्यावर रोखावा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे, पण नुसते पाहायला तेवढे चालते.

निवृत्तीनंतर पुण्यात परतल्यावर पट्टीवरची जुनी खूण कामी येते, ध्रुवतारा मात्र समोरच्या नव्या इमारतीआड गेलेला असतो. तेव्हा तारा सरकतो कसा, यावरून जुळवणी करायची. मध्यमंडलाजवळचा (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळचा), खगोलीय विषुववृत्ताच्या आसपासचा तारा घ्यावा. तो आयपीसमध्ये दक्षिणेकडे घसरला तर अक्ष पूर्वेला कललेला आहे. उत्तरेकडे गेला तर पश्चिमेला. मग पूर्वेकडे उगवलेला तारा घ्यावा. तो दक्षिणेकडे घसरला तर अक्ष खाली आहे. स्क्रू किंचित वर, पुन्हा पाच मिनिटे नजर, पुन्हा किंचित.