गोड नसलेला शिरा

मुलांनो, पाऊस म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर जून-जुलै येतो ना? आमच्या कोल्हापुरात तो पाऊस पश्चिमेकडून येतो, गगनबावड्याच्या घाटावरून. एकदा मुक्काम ठोकला की आठ-आठ दिवस हलत नाही. कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही, पंचगंगेचं पाणी कुठवर आलं एवढा एकच विषय घरोघर असतो.

पण सप्टेंबर संपताना जो पाऊस येतो ना, त्याचा स्वभाव अगदी निराळा! सकाळी कसं लख्ख ऊन पडतं. दुपारी अंगाची नुसती काहिली होते. आणि चार वाजले की काळे ढग जमायला लागतात, विजा कडाडतात, आणि बरोबर शाळा सुटायच्या वेळेला धो-धो सुरू! रात्री नऊला बाहेर येऊन बघावं तर आभाळ धुऊन पुसून ठेवलेलं. हा परतीचा पाऊस. आमची आज्जी त्याला 'हत्तीचा पाऊस' म्हणायची.

हत्तीचा कसा? सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रांतून फिरतो असं आपलं पंचांग मानतं. म्हणजे एकेका नक्षत्राच्या वाट्याला तेरा-चौदा दिवस येतात. साधारण २७ सप्टेंबरला सूर्य हस्त नक्षत्रात जातो. हस्त म्हणजे हात. पाच ताऱ्यांचा पंजा आहे तो. मात्र त्या दिवसांत तो शोधायला जाऊ नका हं! सूर्यच त्याच्यापाशी असतो, त्यामुळं तो दिसणार नाही. एप्रिल-मे महिन्यात रात्री दक्षिणेकडं बघा, मग सापडेल. तर या 'हस्ता'चा लोकांच्या बोलण्यात 'हत्ती' झाला, आणि हत्ती आला म्हणून त्याचा सण आला. तो सण म्हणजे हादगा.

पुण्याकडं याला भोंडला म्हणतात. विदर्भात भुलाबाई असते, तिचे दिवस आणि रीत जरा वेगळी. आमच्याकडं हादगा सोळा दिवस चालायचा. नवरात्र आणि हादगा एकच, असं पुष्कळांना वाटतं, पण तसं नाही. नवरात्र चंद्राच्या तिथीवर चालतं, ते पुढंमागं सरकतं. हादगा सूर्याच्या नक्षत्रावर, तो जागचा हलत नाही. २०२३ साली घट बसले १५ ऑक्टोबरला, तोवर हादग्याचे सोळा दिवस संपूनही गेले होते. २०२५ मध्ये घट बसले २२ सप्टेंबरला, म्हणजे हत्ती यायच्या आधीच निम्मं नवरात्र झालेलं!

आमचं घर मंगळवार पेठेत, एका जुन्या वाड्यात होतं. मधे चौक, भोवती सोपा, आणि सोप्याला लागून सहा बिऱ्हाडं. पाऊस चौकात पडायचा आणि आम्ही मुली सोप्यात फेर धरायचो. मधे पाट, पाटावर हत्ती काढलेला, भोवती चौदा-पंधरा परकऱ्या पोरी. भिंतीवर मात्र मोठा हत्ती लागायचा. समोरासमोर तोंड केलेली दोन हत्तींची जोडी, सोंडेत माळ धरलेली.

ही जोडी विकत आणायची पद्धत आमच्या वाड्यात नव्हती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं, नाहीतर पुस्तकांना घालून उरलेल्या खाकी कागदावर ती काढायची. रंग? तेही घरातलेच. चुलीतली राख मैद्याच्या खळीत कालवली की हत्तीचा अंगरंग तयार. कंदिलाच्या काजळीचे डोळे. झूल पिवळी हवी असेल तर हळद, आणि त्याच हळदीत आज्जीच्या पानाच्या डब्यातला चुना बोटभर घातला की झाला तांबडा! दर वर्षी हे होताना मी बघायचे, आणि दर वर्षी जादूच वाटायची. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळली की जांभळट रंग उठतो, त्यावर लिंबाचा थेंब पडला की तो गुलाबी होतो. तुम्हीही करून बघा. मात्र चुन्याला हात लावायचा तर घरातल्या मोठ्या माणसांना विचारून, आणि तो हात डोळ्याला लावायचा नाही!

माळांचंही तसंच. फुलं या पावसात दोन दिवसांत सडतात. म्हणून तेरड्याच्या आणि झेंडूच्या जोडीला भेंड्या, कारली, चिमुकली वांगी, लिंबं ओवायची. किडकी, वाकडी, भाजीला नको झालेली सगळी तिथं चालायची. भेंडी सोळा दिवसांत वाळून उकलायची आणि आतल्या बिया खुळखुळायच्या.

मी पाचवीत होते त्या वर्षी हत्ती काढले अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे वडील. ते एका फाउंड्रीत कामाला होते. ओतकामासाठी आधी लाकडाचे नमुने करावे लागतात, त्या खात्यात. त्यांच्या हातात पेन्सिल आली की रेघ कशी सरळ जायची! एरवी त्यांना वेळ नसायचा. त्या वर्षी वेळच वेळ होता, कारण कारखान्याला काम नव्हतं आणि तीन महिन्यांचा पगार थकला होता. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पण दुधाचं माप निम्म्यावर आलं की घरातल्या मुलांना कळतंच.

अण्णा सोप्यात बसून हत्ती रंगवायचे आणि आम्हाला गोष्टी सांगायचे. आमच्या वाड्यापासून साठमारी जवळच. संस्थानच्या काळात तिथं हत्तींचे खेळ व्हायचे, त्याची गोष्ट. आणि बाबूराव पेंटरांची तर ठरलेलीच. परदेशी कॅमेऱ्यावाचून अडलं म्हणून या माणसानं आपल्या कोल्हापुरातच, इथल्याच कारागिरांच्या हातांनी सिनेमाचा कॅमेरा तयार केला, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा चित्रपट लोकांपुढं आणला. "आता कॅमेरा म्हणजे काय हत्तीएवढं सोपं काम हाय व्हय?" असं म्हणून अण्णा हसायचे आणि हत्तीच्या कानाला आणखी एक रेघ द्यायचे.

आता मुख्य भानगडीकडं येते. खिरापत!

हादग्याची गाणी संपली की खिरापत वाटायची असते. जुन्या रीतीप्रमाणं पहिल्या दिवशी एक गाणं नि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं चढत चढत सोळाव्या दिवशी सोळा. एवढं कुणाला झेपणार? म्हणून आमच्या वाड्यात रोज एका मुलीच्या घरची खिरापत असा नियम होता. मात्र खिरापत लगेच खायची नाही. आधी ओळखायची. झाकण लावलेला डबा मधे ठेवायचा, आणि सगळ्यांनी विचारायचं, गोड का तिखट? भाजलेलं का तळलेलं? डबा हलवून आवाज ऐकायचा, झाकणाशी नाक न्यायचं. ज्या घरची खिरापत कुणालाच ओळखता आली नाही, त्या मुलीचा मान मोठा.

त्या वर्षी पहिल्याच आठवड्यात एकीनं काजू-बेदाणे घातलेला केशरी शिरा आणला होता. तुपाची धार सुटलेली! तो सगळ्यांनी झाकण उघडायच्या आत ओळखला, पण त्याचं कुणाला दुःख? आम्ही बोटं चाटत घरी गेलो. दुसरीनं दुकानातून पेढेच आणले. आणि गुरुवारी पाळी माझी!

बुधवारी संध्याकाळी मी आईला म्हटलं, "आई, उद्या शिरा कर की गं."

इथं एक सांगून ठेवते. आम्ही कोल्हापूरच्या मुली 'मी आलो', 'मी गेलो', 'मी खातो' असंच बोलतो. बाहेरगावची माणसं हसतात, आम्हाला त्यात हसण्यासारखं काय ते कळत नाही. तर मी पुढं म्हटलं, "शिरा नसंल तर मी उद्या हादग्याला जात नाही. पोट दुखतंय म्हणून झोपतो."

आई भाकऱ्या थापत होती. तिनं मान वर केली नाही. "शिराच हवा न्हवं? मग शिराच करूया की," म्हणाली.

मी फडताळ उघडून बघितलं. रव्याचा डबा पालथा घातलेला. साखर चहापुरती. तूप तर नावालाही नाही. आई खोटं बोलत नसे, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग हा शिरा येणार कुठून? रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. स्वयंपाकघरात आई आणि आज्जी काहीतरी खरवडत बसल्या होत्या आणि दबक्या आवाजात हसत होत्या. जेवायला मात्र दोडक्याची भाजी होती. बाजार उठताना स्वस्तात मिळालेले, जरा जूनच दोडके. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यातही दोडकाच!

गुरुवारी पाऊस असा काही आला की चौकातला पन्हळ फुटतो की काय असं वाटलं. वीज गेली. कंदील लावला, त्या उजेडात भिंतीवरचे अण्णांचे हत्ती हलल्यासारखे दिसत होते. आईनं माझ्या हातात पितळी डबा दिला आणि कानात काय सांगायचं ते सांगितलं. मी दोन मिनिटं तिच्याकडं बघतच राहिले. मग मला जे हसू फुटलं ते काही आवरेना. पदराआड तीही हसत होती.

गाणी झाली. त्या दिवशी जरा जास्तच झाली, कारण पावसामुळं पलीकडच्या गल्लीतल्या पोरींना घरी जाता येत नव्हतं. मग डबा मधे आला.

"गोड का तिखट?"

"तिखट."

"तळलेलं?"

"न्हाई. भाजलेलं."

डबा हलवला. आवाज नाही. वास घेतला. एकजण म्हणाली, "तीळ हायत!" दुसरी म्हणाली, "लसूण!" मग सुरू झालं. तिळाची चटणी? नाही. भडंग? नाही. थालीपीठ? नाही. धपाटं? नाही. कोथिंबीर वडी? नाही. मोठ्या काकूसुद्धा दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पंधरा-वीस नावं झाली तेव्हा सगळ्यांनी खूण मागितली. मी आईनं शिकवलेलं वाक्य म्हटलं, "नावात शिरा आहे, पण गोड नाही!"

झाला गोंधळ! तिखट शिरा म्हणजे उपमा. नाही. सांजा. नाही. "मिठाचा शिरा!" सगळ्यात धाकटी ओरडली. नाही, नाही, नाही! शेवटी फेरातल्या थोरल्या ताईनं हात जोडले. "हरलो बाई! उघड."

झाकण काढलं. तळहाताएवढ्या भाकरीच्या तुकड्यावर कुरकुरीत, हिरवट-तपकिरी चटणी. दोडक्याच्या शिरांची!

तुम्ही ओळखलं होतंत का? दोडक्यावर त्या उभ्या उभ्या खरखरीत कडा असतात ना, त्या शिरा. भाजी करताना बहुतेक घरी खरवडून टाकून देतात. आईनं त्या धुऊन बारीक चिरल्या, चमचाभर तेलावर मंद आचेवर चांगल्या खमंग होईपर्यंत परतल्या. मग लसूण, तीळ, थोडं दाण्याचं कूट, मीठ आणि लाल तिखट. घाई केली तर शिरा मऊच राहतात, चटणी बसका मार खाते. आच मंद आणि हात चालता, एवढंच त्यातलं गुपित.

क्षणभर कुणी बोललं नाही. मला वाटलं, संपलं. आता सगळ्यांना कळणार, आमच्या घरी काय चाललंय ते. मग केशरी शिरा आणणारीनंच दुसरा तुकडा उचलला. पाठोपाठ बाकीच्या. दारातल्या काकू म्हणाल्या, "वीस वर्षं मी ह्या टाकून देतोय की!" आणि आईला कृती विचारायला आत गेल्या. डबा मला चाटूनपुसून परत मिळाला. माझ्या वाट्याला तर तुकडाही उरला नाही.

अण्णांचा पगार दिवाळीच्या आधी चार दिवस झाला, तोही निम्मा. हत्ती मात्र त्यांनी पुढच्या वर्षीही काढले, आणि त्याच्या पुढच्याही. आता पुष्कळ ठिकाणी शाळेत एकाच दिवसाचा हादगा होतो, तोही छान असतो. पण डबा ओळखायला सोळा दिवस मिळण्यात जी मजा, ती एका दिवसात कशी येणार!

कारण त्या गुरुवारनंतर वाड्यात दुकानातली खिरापत बंदच झाली. जिला तिला शिऱ्यावर ताण करायची होती. कुणी दुधीच्या सालींची चटणी आणली, कुणी भोपळ्याच्या भाजलेल्या बिया, कुणी भाजलेले चिंचोके. त्यांचा आवाज दगडासारखा आला, म्हणून ते लगेच ओळखले गेले. सोळाव्या दिवशी माडीवरच्या आज्जींची पाळी होती. त्यांच्या घरी मुलगीच नव्हती, पण त्यांनी हट्टानं पाळी मागून घेतली होती. त्यांचा डबा आम्हाला शेवटपर्यंत ओळखता आला नाही.

तुम्ही बघा जमतंय का. ती वस्तू उन्हाळ्यात घरात येते, पण ती खाण्यासाठी म्हणून कुणी आणत नाही. तिच्या भोवतीचं गोड गोड सगळ्यांनी मे महिन्यात खाऊन टाकलेलं असतं. मग ती चार महिने राखेत निवांत पडून राहते. उकडा, नाहीतर निखाऱ्यात भाजा. वरचं साल काढा, मीठ लावा, आणि बाहेर हत्तीचा पाऊस पडत असताना गरम गरम खा!