ग्लॉस्टरच्या समुद्रावरील एक सकाळ



गोव्याच्या किनाऱ्यावर ज्याचे बालपण गेले, त्याला गरी टाकण्याची विद्या कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. बांबूची काठी, थोडासा दोरा, गरीला टोचलेले सुंगट आणि खडकावर तासन्‌तास बसण्याची चिकाटी, एवढ्या सामग्रीवर मीही लहानपणी कितीतरी तांबोश्या घरी आणल्या आहेत. पुढे पोटासाठी बेळगावास येऊन राहिलो आणि समुद्र सुटला. परंतु आपणास मासे धरता येतात, हा अभिमान काही सुटला नाही. तो अमेरिकेतील ग्लॉस्टर गावच्या समुद्रात एका सकाळी कसा बुडाला, आणि बुडताना त्याने एका मुक्या जिवासही कसे संकटात लोटले, ते आज आपणापुढे कबूल करावयाचे आहे.

माझा पुतण्या बोस्टन शहरी नोकरीस असतो. २०२२ च्या सप्टेंबरात त्याने मला बोलावून घेतले. बोस्टनपासून ईशान्येस सुमारे पन्नास किलोमीटरवर केप ॲन नावाचे खडकाळ भूशिर आहे. ग्लॉस्टर त्यावरच वसले आहे. १६२३ साली इंग्रजांनी येथे मासेमारीसाठी वस्ती केली आणि तेव्हापासून गावाचे पोट समुद्रावरच आहे. बंदराच्या काठी सुकाणूचे चक्र दोन्ही हातांनी धरून उभ्या असलेल्या एका खलाशाचा पुतळा आहे. लेनर्ड क्रास्क या शिल्पकाराने तो घडविला आणि १९२५ साली त्याचे अनावरण झाले. पायथ्याशी १०७ व्या स्तोत्रातील शब्द कोरलेले आहेत. समोर अर्धवर्तुळाकार मांडलेल्या ब्राँझच्या पाट्यांवर समुद्राने परत न दिलेल्या माणसांची नावे आहेत. ती पाच हजारांहून अधिक भरतात. मी वाचू लागलो आणि दुसऱ्या पाटीपाशी थांबलो. एकाच आडनावाचे तिघे एकाच वर्षी गेलेले पाहिल्यावर पुढे वाचवेना.

टेकडीवरचे ख्रिस्तमंदिर पाहून मात्र परक्या देशी असल्याचा विसर पडला. अझोर बेटांवरून आलेल्या पोर्तुगीज कोळी कुटुंबांनी ते १८९३ साली बांधले. १९१४ साली ते आगीत गेले, तेव्हा त्यांनी ते पुन्हा उभारले. नाव ‘नोसा सेन्योरा दा बोआ व्हियाजें’, म्हणजे सुखरूप प्रवासाची माता. गोव्याच्या माणसाला या नावाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही! दोन निळ्या घुमटांच्या मधोमध मरियामातेचा पुतळा उभा आहे आणि तिच्या हातावर, एरवी जेथे बाळ येशू असावयाचा तेथे, शिडाचे गलबत आहे. बाळाला सांभाळावे तसे तिने ते कुशीत धरले आहे.

आता त्या मासळीविषयी. आपल्याकडे ज्याला कुपा किंवा गेदर म्हणतात, त्याच कुळातील हा अटलांटिक महासागराचा मोठा भाऊ, निळ्या पंखांचा ट्यूना. अरबी समुद्रात पिवळ्या पंखांचा कुपा मिळतो. हा मात्र तेथे येत नाही. त्याची वीण मेक्सिकोच्या आखातात आणि भूमध्य समुद्रात होते, आणि उन्हाळा लागला की तो खाण्यासाठी या थंड पाण्याकडे वळतो. १९७९ साली नोव्हा स्कोशिया येथे गळाने धरलेला एक मासा ६७९ किलो भरला होता. त्याच्या देहात रक्तवाहिन्यांची अशी जाळी असते, की स्नायूंतील ऊब कल्ल्यांवाटे वाया जात नाही; त्यामुळे भोवतालच्या पाण्याहून त्याचे अंग उबदार राहते आणि थंड पाण्यातही तो बाणासारखा धावतो. त्याला एका जागी थांबता मात्र येत नाही. तोंड उघडे ठेवून पोहत राहिला तरच कल्ल्यांतून पाणी वाहते आणि श्वास चालतो.

ग्लॉस्टरच्या दक्षिणेस समुद्रात स्टेलवेगन बँक नावाचे सुमारे तीस किलोमीटर लांबीचे वाळूचे पठार बुडालेले आहे. त्याच्या माथ्यावर पाणी पुरते चाळीस मीटरही खोल नाही. या वाळूत करंगळीएवढी जाड, सापासारखी सडपातळ मासळी पुरून राहते. तिच्यासाठी देवमासे येतात, पक्षी येतात आणि आमचा ट्यूनाही येतो. १९९२ पासून ही बँक सरकारने संरक्षित सागरक्षेत्र म्हणून घोषित केली आहे. मासेमारीस बंदी नाही, पण ट्यूनासाठी परवाना लागतो; वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत अंगाच्या वळणावरून मोजून २७ इंचांहून लहान भरलेला मासा ठेवता येत नाही; आणि ठेवलेल्या माशाची वर्दी चोवीस तासांत द्यावी लागते. किती ठेवावयाचे, तो आकडा वेळोवेळी बदलतो.

पुतण्याने काठी, रीळ, दोरा सगळे नवे घेतले होते. रीळ फिरकीच्या जातीचे होते. या रिळाची कल्पना आल्फ्रेड इलिंगवर्थ नावाच्या यॉर्कशायरच्या गिरणीमालकाची. १९०५ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. गिरणीत चातीच्या टोकावरून सूत सुटते, चाती स्वतः फिरत नाही. त्याचप्रमाणे या रिळाची गुंडी स्थिर राहते आणि तिच्या कडेवरून दोरा सुटतो. म्हणून याने दूरवर फेकता येते. पृष्ठावर मासळी उसळली तर तिकडे फेका, खाली असली तर तेथेच खोल सोडा. दुसऱ्या, म्हणजे आडव्या गुंडीच्या रिळाने खालून ओढावयास बळ अधिक मिळते, पण बहुधा त्यात दोरा अंगठ्याने सारखा पसरावा लागतो. नवशिक्याला फिरकीच बरी, असे मला वाटते.

मी ते रीळ हातात घेऊन चकित झालो. शिमानो आणि दायवा या जपानी कंपन्या अशी रिळे करतात. क्रमांक चौदा हजारांपासून वीस हजारांपर्यंत, आणि किंमत अशी की आमच्याकडे तेवढ्यात दुभती म्हैस यावी. मी पुतण्यास तसे बोलूनही दाखविले. तो म्हणाला, “काका, हलक्या सामानाने मासा तासन्‌तास झुंजतो आणि मग सोडला तरी जगत नाही. सोडावा लागणारा मासा लवकर जवळ आणता यावा, म्हणून भारी सामान.” हे कारण मला नवे होते. काठी जेमतेम साडेपाच फूट. मी म्हटले, “एवढी आखूड?” तर उभ्या दोऱ्याने झुंजताना काठी जितकी लांब, तितके माशाचे वजन आपल्या कमरेवर जास्त येते, तरफेचा हा नियम मी शाळेत शिकलो होतो, पण काठीला लावून कधी पाहिला नव्हता.

दोरा ऐंशी पौंडी, बारीक तंतू विणून केलेला, चारशे वार. त्याच्या पुढे दोनएक वाव जाड पारदर्शक दोरा, आणि मग शिशाचा मासा, ज्याला ते जिग म्हणतात. त्या वाळूतल्या मासळीसारखाच लांबट आणि चपटा. वजन दीडशे ग्रॅम. गळ त्याच्या शेपटीला नसून डोक्याकडे, मजबूत दोरीच्या आखूड फासाला एकटाच लोंबत असतो. कारण गळ शिशात पक्का बसविला तर मासा डोके झाडताना त्याच शिशाच्या भाराने तो उपसून टाकतो.

आणि येथे माझी चूक झाली. पुतण्या कामावर गेला असता रिळावर दोरा मीच गुंडाळला. गादीवर बसून, दोरा बोटांतून सैल सोडत, सरसर चारशे वार! वरून पाहता तो किती सुबक दिसत होता! संध्याकाळी पुतण्याने विचारले, “काका, ताणून गुंडाळलात ना?” मी म्हटले, “मला शिकवतोस?” तो बिचारा गप्प राहिला.

पहाटे आम्ही निघालो. नौकेचा मालक सिसिलीहून आलेल्या कोळ्यांच्या वंशातला, साठीचा, मितभाषी गृहस्थ. संत पेत्राच्या सणात येथे समुद्रावर आडवा खांब बांधून त्यास चरबी फासतात आणि टोकाचा झेंडा काढण्यास तरुण त्यावरून धावतात. आपणही तीनदा आपटलो, एवढे तो हसून बोलला. पुढे त्याने ताणकाटा काढला, दोऱ्यास अडकविला आणि रिळाची ड्रॅग तपासली. ड्रॅग म्हणजे सायकलच्या ब्रेकसारखी चकत्यांची पकड. ठरावीक जोराहून अधिक ओढ बसली की ती दोरा सोडू लागते. दोऱ्याच्या बळाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी कमी, म्हणजे अकरा किलोंवर त्याने ती बसविली आणि मला बजावले की मासा लागल्यावर हिला हात लावावयाचा नाही, आणि मासा दोरा नेत असता हँडल फिरवावयाचे नाही; कारण तेव्हा दोरा आत येत नाही, प्रत्येक फेऱ्याला त्यास फक्त पीळ बसतो.

सूर्य वर आला तेव्हा आम्ही बँकेच्या कडेवर होतो. लांबवर एका देवमाशाने निःश्वास टाकला. नौकेतील यंत्राच्या पडद्यावर तळापासून वर उठणारे मासळीचे ढग दिसले. शिसे सोडले; तळ लागताच दोन हात वर घेतले; मग काठीचा एक झटका आणि हँडलचा एक फेरा, पुन्हा झटका, पुन्हा फेरा, आणि मधूनच थांबून ते फडफडत खाली जाऊ द्यावयाचे. हे खाली जाणेच माशाला भुलविते. पंधरा मिनिटांत माझे खांदे भरून आले.

असाच एकदा थांबलो असता दोरा मध्येच ढिला पडला, आणि मी सावरतो न सावरतो तोच काठी वाकून नौकेच्या काठाला टेकली. रीळ ओरडू लागले. शंभर वार गेले, दीडशे गेले. आणि मग दोरा थांबला. मासा थांबला नव्हता; वरचे वेढे खालच्या सैल वेढ्यांत रुतून बसले होते. एका क्षणात बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि मी पाठीवर पडलो.

नौकेचा मालक धावत आला, पण मला उचलावयास नव्हे, रीळ पाहावयास. बोटाने त्याने गुंडीवरचे वेढे दाबले, ते कापसासारखे दबले. त्याने मान हलविली. तोंडात गळ, त्याला शिसे आणि मागे दीडशे वार दोरा, अशा स्थितीत तो मोठा मासा त्या पाण्यात कोठेतरी पोहत होता. “हा दोरा कुजत नाही,” तो म्हणाला, “आणि येथे देवमासे आपल्या पिलांना घेऊन येतात.” याहून अधिक काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

मी गरी बाजूस ठेवून बसलो. तासाभराने त्याने आपले स्वतःचे रीळ माझ्या हाती दिले. मला नको होते; पुतण्या म्हणाला, “घ्या काका, नाहीतर त्यांना वाईट वाटेल.” मग लागलेला मासा लहान होता, तरी पंचवीस मिनिटे लागली. काठी थोडी उचलावयाची, खाली नेताना दोन फेरे घ्यावयाचे; लहान लहान झटके, मोठी ओढ नाही. शेवटी तो नौकेखाली चकरा मारू लागला आणि मालकाने नेमक्या चकरेवर आकडा घातला. ४४ इंच, अदमासे २८ किलो. लागलीच कल्ले आणि पंखामागची शीर कापून रक्त काढले, आतडी काढली आणि समुद्राचे पाणी मिसळलेल्या बर्फात तो ठेवला. अंगच्या उष्णतेने याचे मांस स्वतःच पांढुरके पडून बिघडते. पोटावरून हात फिरविला तेव्हा खरोखरच ऊब लागली. दिवसाचा तिसरा मासा पुतण्याच्या गरीला लागला, तो सोडून दिला. त्याचे तोंड पुढे ठेवून नौका सावकाश चालविली, कल्ल्यांतून पाणी खेळले, आणि शेपटीचा एक फटका मारून तो निळ्यात गेला. त्याच्या मागे दोरा नव्हता.

परतताना बंदरात शिरलो तेव्हा टेकडीवरचे दोन निळे घुमट उन्हात चमकत होते.

रात्री जेवणात ट्यूना होता. आमच्या पद्धतीने कोकम घालून मी केला. जेवण आटोपल्यावर रिळावर उरलेला सगळा दोरा आम्ही काढून टाकला. जोडाचा दोरा वापरावयाचा नाही, असे ठरले. बाजारातून नवा आणला होता. गुंडी गुळगुळीत असते, तिच्यावर नुसता विणलेला दोरा सरकतो, म्हणून तळाशी आधी थोडा नायलॉनचा दोरा घेतला. मग पुतण्या नव्या दोऱ्याची चकती आणि ओला टॉवेल घेऊन दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकास बसला आणि टॉवेलमध्ये दोरा करकचून आवळून धरू लागला. मी हँडल फिरवीत राहिलो. दर पन्नास वारांनी थांबून मी गुंडी बोटाने दाबून पाहत होतो. मध्यरात्र उलटून गेली होती.