मुळाचा तारा

वैशाख सरत आला म्हणजे वऱ्हाडात दिवसाचे नाव घेववत नाही. जे काही सुख असते ते रात्रीचे. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळ गावी सूर्य मावळला, की भिंतींतील धग हळूहळू उतरू लागते, अंगणात पाण्याचा सडा पडतो आणि एकेक बाज घरातून बाहेर येते. रात्र पडते, गाव हळूहळू आडवे होऊ लागते आणि त्याच सुमारास आग्नेयेकडील शेतांवरून एक भला मोठा विंचू आकाशात चढू लागतो. प्रथम त्याचे डोके दिसते. मागोमाग छातीतील तांबडा ज्येष्ठा तारा. आणि मग शरीराला सुरेख वळण देत, तास-दीड तासाने, त्याची उचललेली नांगी क्षितिजाबाहेर येते. सप्तर्षींत सात ऋषी पाहावयाचे तर थोडी श्रद्धा लागते. हा विंचू पाहण्यास मात्र डोळे उघडे असले म्हणजे पुरे.

नांगीच्या टोकाशी दोन तारे अगदी जवळजवळ आहेत. त्यांच्यातील अंतर पूर्ण चंद्रबिंबाच्या रुंदीहून किंचित अधिक भरेल. त्या दोहोंतील अधिक तेजस्वी, निळसर पांढरा तारा म्हणजे मूळ नक्षत्राचा योगतारा. अरबांनी त्याला ‘शौला’, म्हणजे उंचावलेली नांगी, असे नाव दिले आणि जगभरच्या तारकापत्रकांत आज तेच रूढ आहे. जानेफळ विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे 20 अंशांवर असल्यामुळे हा तारा येथे दक्षिण क्षितिजापासून सुमारे 33 अंश वर येतो आणि रात्रीचे जवळजवळ दहा तास आकाशात राहतो. लंडनच्या रहिवाशांना तो क्षितिजाला घासून जातो, म्हणजे बहुधा दिसतच नाही. दक्षिणेकडील आकाशाचे हे वैभव आपल्याकडे अंगणात पडल्या पडल्या दिसते.

असे असूनही या ताऱ्याच्या वाट्याला कौतुक फारसे आलेले नाही. मूळ म्हटले, की घरातील वडीलधाऱ्यांचा चेहरा उतरतो. मुलगा मुळावर जन्मला, तर बापाने काही काळ त्याचे तोंड पाहू नये, त्याची शांत करावी, असे सांगतात. मुलगी जन्मली, तर ती पुढे सासऱ्याच्या जिवावर उठेल, असे म्हणतात. कित्येक पित्यांनी मुलीचे लग्न जमावे म्हणून तिच्या पत्रिकेतील जन्मवेळ मागेपुढे करून घेतलेली आहे. एखाद्याच्या ‘मुळावर येणे’ हा वाक्प्रचार त्याच्या घातास कारण होणे या अर्थी वापरला जातो. गंमत अशी, की सासुरवाशिणीस माहेरी आणण्यासाठी जे बोलावणे येते, त्यासही जुन्या मराठीत ‘मूळ’च म्हणत, आणि ते मूळ येण्याची मुली डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत. परंतु पंचांगातल्या मुळाला हा गोडवा काही लाभला नाही.

आता थोडा हिशेब करून पाहावा. चंद्र साधारण 27 दिवसांत आकाशाचा एक फेरा पुरा करतो आणि पंचांगाची नक्षत्रेही 27 आहेत. म्हणजे दर महिन्यात सुमारे एक दिवस चंद्र मूळ नक्षत्रात असतो. आणि सरासरीने 27 मुलांपैकी एक मूल मुळावर जन्मते. ज्या शाळेत 540 मुले असतील, तेथे अशी 20 मुले निघावयाची. प्रत्येक वर्गात, प्रत्येक आळीत, प्रत्येक जातीत ती आहेत. ती अभ्यास करतात, विहिरीत पोहतात, परीक्षेत उत्तीर्ण अगर अनुत्तीर्ण होतात, आणि त्यांच्या वडिलांचे व पुढे सासऱ्यांचे आयुष्य इतरांच्या वडिलांएवढेच असते. शिवाय चंद्र या ताऱ्याला कधी भेटतही नाही. त्याचा मार्ग विंचवाच्या नांगीच्या बराच उत्तरेकडून जातो. हात लांब करून मूठ आकाशापुढे धरावी, जवळजवळ तेवढे अंतर तो नेहमी राखून असतो.

ही भीती आजची नव्हे. अथर्ववेदात मुळाचा संबंध समूळ उपटून टाकण्याशी जोडलेला आढळतो. पण त्याच अथर्ववेदात नांगीच्या या दोन ताऱ्यांना ‘विचृतौ’ असेही नाव आहे. विचृत् म्हणजे बंध सोडविणारा. आईबापांकडून आलेल्या दुखण्याचे पाश या दोन तारकांच्या उदयाबरोबर सुटावेत, अशी प्रार्थना तेथे केलेली आहे. म्हणजे भीती जुनी खरी, पण सुटकेची आशाही तितकीच जुनी. आणि पुढच्या पिढ्यांनी पहिली तेवढी जपून ठेवली, दुसरी विसरून गेल्या! वेदकाळापासूनच्या नक्षत्रांचा असा कसून शोध मराठीत ज्यांनी घेतला, ते शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक होते. 1853 साली कोकणातील मुरूड गावी त्यांचा जन्म झाला आणि भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावरील त्यांचा मोठा ग्रंथ 1896 साली प्रसिद्ध झाला. ग्रंथांतील वचने आणि आकाशातील तारे ही दोन्ही समोरासमोर ठेवून पाहण्याची त्यांची रीत होती. ही रीत साधी दिसते. पण तिचा अवलंब करणारे थोडे.

जानेफळच्या एखाद्या अंगणात अशीही एक बारा वर्षांची मुलगी असेल, जिच्या जन्माची तिथी घरात मोठ्याने उच्चारली जात नाही. शाळेत तिने वृश्चिकाची आकृती वहीत काढलेली असते. रात्री ती बाजेवरून उठून बसते आणि नांगीकडे बोट दाखवून म्हणते, “आजी, हा बघ मुळाचा तारा.” म्हातारी चटकन तिचा हात खाली ओढते. “तिकडं पाहू नको, बाई.” मुलगी विचारते, “तू पाहिला आहेस का तो कधी?” म्हातारी काही वेळ गप्प राहते आणि मग डोळ्यांवर हात धरून दक्षिणेकडे पाहते. “हा? हा तं इच्चू! जन्मभर पाहत आली मी याले. पाहटेचं दळण याच्याच इमानावर मांडत होतो आम्ही.” साठ वर्षे जिला भ्यायली, ती वस्तू आणि साठ वर्षे जिच्यावरून तिने रात्रीचा प्रहर ओळखला, ती वस्तू एकच आहे, हे म्हातारीला त्या क्षणापर्यंत कोणी सांगितलेलेच नसते.

मग हा तारा आहे तरी कसा? प्रथम त्याचा रंग पाहावा. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी तांबडे होते, मग पिवळे आणि अखेर पांढरेशुभ्र. तोच न्याय ताऱ्यांना लागू आहे. विंचवाच्या छातीतील ज्येष्ठा तांबडी आहे, कारण ताऱ्यांच्या मानाने ती थंड. आपल्या सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश आहे. मुळाच्या ताऱ्याचे सुमारे 25,000 अंश. म्हणून तो निळसर दिसतो. त्याचा जो प्रकाश आज रात्री डोळ्यांत शिरतो, तो तेथून निघून तीन शतकांहून अधिक काळ लोटला आहे.

डोळ्यांस जो एक तारा वाटतो, तो वास्तविक एकटा नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाच्या यंत्राने दूरदूर ठेवलेल्या दोन आरशांवरील प्रकाश एकत्र आणून या कुटुंबाचे मोजमाप केले व ते 2006 साली प्रसिद्ध झाले. त्यावरून असे ठरले, की मुख्य ताऱ्यात सूर्याच्या सुमारे 10 पट द्रव्य आहे आणि त्याच्या मोठ्या सोबत्यात सुमारे 8 पट. हे दोघे जवळजवळ तीन वर्षांत परस्परांभोवती एक फेरी पुरी करतात. शिवाय एक लहान सोबती मुख्य ताऱ्याच्या इतका निकट आहे, की त्याचे वर्ष अवघ्या सहा दिवसांचे!

याहूनही नवलाची गोष्ट म्हणजे हा तारा स्थिर नाही. तो दर पाच तासांनी किंचित फुगतो आणि आकसतो आणि त्याबरोबर त्याचे तेजही कमीअधिक होते. हा फरक इतका सूक्ष्म आहे, की नुसत्या डोळ्यांनी तो कळत नाही. असे का व्हावे, याचे उत्तर शास्त्रज्ञांना 1990 नंतरच्या दशकात गवसले आणि ते लोखंडात सापडले. ताऱ्याच्या अंतर्भागात, सुमारे दोन लाख अंश तापमानाच्या थरात, लोखंडाचे अणू आतून येणारा प्रकाश अडवून धरतात. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवले म्हणजे आत वाफ कोंडते, झाकण उचलले जाते, वाफ निसटते आणि झाकण पुन्हा खाली बसते. तसाच काहीसा हा खेळ आहे. कोंडलेली उष्णता वरचे थर बाहेर ढकलते. थर पसरले की वाट मोकळी होते. उष्णता निघून गेली की ते पुन्हा आत येतात.

एवढ्या मोठ्या ताऱ्याला दीर्घायुष्य मात्र नाही. सूर्याचे आयुष्य सुमारे 1000 कोटी वर्षांचे. मुळासारखे तारे आपले इंधन उधळेपणाने जाळतात आणि काही कोटी वर्षांतच, बहुधा प्रचंड स्फोट होऊन, संपतात. हे ऐकून कोणी दचकू नये. इतक्या अंतरावरून त्याचा उपद्रव पृथ्वीस पोहोचावयाचा नाही. आकाशातून खरोखर काही या जिल्ह्यावर येऊन आदळले असेल, तर ते लोणारला. तेथील सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर अशनीच्या आघाताने कठीण काळ्या खडकात खोदले गेले आहे. ते होण्यापूर्वी कोणाची पत्रिका कोणी पाहिलेली नव्हती.

मुळापासून मूठभर अंतरावर, धनू राशीच्या बाजूस, आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे. यावरून पूर्वजांना ते केंद्र ठाऊक होते व म्हणूनच त्यांनी ‘मूळ’ हे नाव दिले, असे काही जण हौसेने सांगतात. त्यास आधार काही नाही. पण निरभ्र रात्री त्या दिशेला दुधाळ पट्टा सर्वांत दाट दिसतो, हे मात्र कोणासही पाहता येते.

मृगाचा पाऊस आला, की बाजा घरात जातात आणि विंचू ढगांआड होतो. मग पेरणी, निंदणी, पोळा. पाऊस ओसरून आकाश धुऊन निघते, ते आश्विनात. दसऱ्याच्या सुमारास, दिवेलागणीनंतर थोड्याच वेळाने, नैऋत्येला कलंडलेला विंचू पुन्हा दिसतो. त्याचे डोके क्षितिजाकडे झुकलेले असते. नांगी मात्र अजून वर असते आणि तिच्या टोकाशी ते दोन तारे.