रोलातले बाकीचे फोटो

कॅमेरा बाळगणाऱ्याच्या अंगी धीर आणि काटकसर असे दोन गुण असावे लागतात, असे आमच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, मत आहे. यांपैकी पहिला गुण आमच्या ठायी नाही, हे घरात सर्वमान्यच होते. दुसराही नाही, हे २०१८ सालच्या मे महिन्यात केदारनाथी सिद्ध झाले.

वडोदऱ्यास दांडिया बाजारातील आमच्या घरी पहिला कॅमेरा आला तो आग्फा क्लिक थ्री. तो आमच्या वडोदऱ्यातच तयार होई, त्यामुळे त्याच्याविषयी आम्हांस घरच्या माणसासारखा अभिमान वाटे. फोटो काढावयास त्याला बॅटरी लागत नसे. एका रोलात बारा फोटो निघत आणि ते मुंज, बारसे, डोहाळजेवण यांत वाटून पुरवावे लागत. कळ दाबण्यापूर्वी वडीलधाऱ्यांची संमती घेण्याची रीत होती.

पुढे चिरंजीवांनी डिजिटल कॅमेरा दिला. त्यात हजारो फोटो मावतात हे कळताच आमचा हात सैल सुटला. देवप्रयागचा संगम, प्रत्येक वळणावरची दरी, खेचरे, चहाची दुकाने, काही सोडले नाही. प्रत्येक फोटो लगेच पडद्यावर पाहावयाचा आणि सौ.सही दाखवावयाचा! गुप्तकाशीच्या धर्मशाळेत खोलीत बटण एकच. त्यावर साऱ्यांचे मोबाईल आणि आमचा चार्जर असा रात्रभर लढा चालला. तरी एक जादा बॅटरी भरून घेतली व पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकली.

अक्का त्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांची होती. साऱ्या प्रवासात तिने एकच मागणे केले होते, "दर्शन झाल्यावर देवळासमोर माझा एक फोटो काढ. एकच. पण नीट काढ."

केदारनाथ ३,५८३ मीटर उंचीवर आहे. पहाटे शिखरांवर ऊन आले म्हणून आम्ही कॅमेरा उचलला, तो दोन फोटो निघताच बंद. भरलेली बॅटरी घातली, तीही रिकामी असल्याचे दिसू लागले. मोबाईल तर रात्रीच निजला होता. अक्का काठी टेकीत दर्शनाच्या रांगेकडे निघाली होती. तिला काय सांगावे, या विचाराने आमचे हातपाय अधिकच गारठले.

शेजारी इंदूरचा एक तरुण उभा होता. तो म्हणाला, "काका, ती संपलेली नाही, गारठली आहे. काढा आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवा. दर्शन होईपर्यंत कॅमेऱ्याला हात लावू नका."

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे पुढे समजले. लिथियम बॅटरीतील विजेची ने-आण तिच्यातील द्रवातून होते. थंडीत ती मंदावते, दाब उतरतो आणि कॅमेरा समजतो की वीज सरली. ऊब मिळाली की तीच बॅटरी पुन्हा काम देते. आम्ही रांगेत नामस्मरण केले खरे, पण एक हात छातीशीच होता! दर्शनानंतर बॅटरी घातली, पडद्याचा उजेड कमी केला आणि अक्काला उभी केली. तीन फोटो निघाले.

तेव्हापासून आमची शिस्त बदलली. फोटो काढला की लगेच पाहात बसत नाही. वायफायसारख्या न लागणाऱ्या सोयी बंद ठेवतो. जादा बॅटऱ्या डबीत वेगळ्या ठेवतो, नाण्याकिल्ल्यांशी त्यांच्या टोकांची गाठ पडू देत नाही. गारठलेली बॅटरी ऊब येईपर्यंत चार्जरला लावीत नाही. विमानात जादा बॅटऱ्या व पॉवर बँक हातातल्या पिशवीतच नेतो, सामानात देत नाही. वीस हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक म्हणजे सुमारे ७४ वॉट-तास होतात. विमानातील १०० च्या मर्यादेत ती बसते आणि आमच्या लहान कॅमेऱ्याची बॅटरी पाचसहा वेळा सहज भरते. कॅमेरा महिनोन्‌महिने कपाटात राहणार असेल, तर बॅटरी निम्मी भरून ठेवतो.

अक्का आता विसरते. नातवंडांची नावे चुकतात, दिवस मागेपुढे होतात. मध्यंतरी कोणी यात्रेचा विषय काढला तेव्हा ती हळूच म्हणाली, "माझे केदार राहिलेच रे." आम्ही काही न बोलता ते तीन फोटो तिच्यापुढे ठेवले. तिने चष्मा पुसला. देऊळ पाहिले, पाठीमागचा बर्फ पाहिला, मग स्वतःचा चेहरा बराच वेळ पाहिला.

"म्हणजे झाले माझे दर्शन," ती म्हणाली. मग फोटो मोजून आमच्याकडे पाहिले, "तीनच? रोलातले बाकीचे नऊ कुठे गेले?"

"वाटेत खर्च झाले, अक्का," आम्ही म्हणालो.