मांडणी

मी बल्लारपुरात आरामिलवर आहे. दिवसभर सागवान कापतो. आलापल्लीकडच्या जंगलातला लठ्ठा आऱ्यावर चढतो, फळ्या होऊन उतरतो, ट्रकात बसून मोठ्या शहराला जातो. माझ्या घरात मात्र एक फळी नव्हती. पुस्तकं खाटेखाली चुंगडीत. घरचे कागद आज्याच्या टिनाच्या पेटीत, भिंतीला टेकून.

पेटी बुडाशी गंजली होती. आम्हाला पत्ता नाही. पत्ता फक्त उधईला होता.

आजा गडचिरोली जिल्ह्यातला. जंगलाच्या कडेला दोन एकर तुकडा तो आणि त्याचा बाप कसत आले. सातबारा नाही. त्या तुकड्यासाठी आज्यावर अतिक्रमणाचा दंड बसायचा. आजा दंड भरायचा आणि पावती घडी करून पेटीत ठेवायचा. लोक हसायचे. दंडाच्या पावत्या काय जपायच्या?

२००६ साली वनहक्क कायदा आला. मग कळलं, त्याच पावत्या म्हणजे पुरावा. सरकारनेच लिहून दिलं होतं की हा माणूस इथं कसतो. या कायद्यात आदिवासीला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो. आपण पडलो ‘इतर पारंपरिक वननिवासी’. आपल्याला ताबा तर दाखवावा लागतोच, वर तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं त्या जंगलाच्या आधारानं राहिल्याचंही दाखवावं लागतं. आदिवासी भावांशी माझं भांडण नाही, जंगल आधी त्यांचं. पण दोस्तहो, ७५ वर्षांचा कागद कोणाच्या घरी सापडतो? ज्याच्या घरी कपाट असतं त्याच्या. म्हाताऱ्यांचा जबाबही पुरावा म्हणून चालतो. पण म्हातारे थांबत नाहीत. आजा गेला.

दाव्यासाठी पेटी उघडली तर आत माती. पावत्यांचा भुगा. दोन पावत्या अर्ध्या वाचल्या होत्या. माय खाली बसली. म्हणाली, “तुया आज्यानं साऱ्या जिनगानीचा दंड भरला, अन् आपल्याले एक फळी नाही जमली.”

ते वाक्य मला लागलं.

मिस्त्रीला विचारलं. त्यानं सांगितलेला भाव माझ्या बऱ्याच दिवसांच्या मजुरीइतका. म्हटलं, आपणच करू. मिलमधून कडेच्या फळ्या घेतल्या. लठ्ठ्याच्या बाहेरच्या अंगाच्या त्या, जळाऊ म्हणून किलोनं जातात. पैसे मोजले आणि पावती मागून घेतली. आपल्या माणसाच्या खांद्यावर सागाची फळी दिसली की बघणाऱ्याला आधी चोरी दिसते. पावती जपायची हे आज्याकडून आलं.

शेजारचा एक जण म्हणाला, “सुतारकी का तुमच्या घरात होती का बे?”

नव्हती. आमच्या घरात लाकूड फोडणं होतं, वाहणं होतं, गावच्या मढ्यासाठी सरण रचणं होतं. रंधा मारणं नव्हतं. लाकूड तेच. कोणी कुठवर हात लावायचा हे गावानं ठरवलेलं. जात कामाची वाटणी करत नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली उलगडून दाखवलं. मी ते वाचलं होतं. करवत हातात घेतली तेव्हा समजलं.

पहिली मांडणी चार फूट रुंद केली. हाव. खिळे सरळ टोकाशी ठोकले, तर फळ्या चिरल्या. लाकूड ओलं होतं, महिनाभरात पिळलं. मधली फळी पुस्तकांच्या वजनानं पोटात गेली. आणि एका रात्री सगळी मांडणी डाव्या अंगानं आडवी झाली. मी अंधारात पुस्तकं गोळा करत बसलो. साला रडू आलं.

मिलमधल्या एका म्हाताऱ्या कामगारानं ऐकलं आणि दोरी दिली. “ह्या कोनातून त्या कोनात मोज. मग दुसऱ्या दोन कोनात मोज. दोन्ही माप सारखं आलं त समज चौकट सरळ. अन् पाठीमागं एक तिरपी पट्टी मार, मंग हालते कशी ते पाहू.” गुण्या विकत घेण्याचीही गरज पडली नाही.

पण खरी चूक मायनं दाखवली. तिनं जन्मभर जंगलातून मोळ्या आणल्या. पडलेल्या फळीवर नख मारून म्हणाली, “हे पांढरं हाय बाबू. पांढरं उधई खाते. गाभ्याचं घ्या लागते.” मी चार वर्षं साग कापतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सागाला उधई लागत नाही म्हणतात ते गाभ्याचं. बाहेरचं पांढरं लाकूड ती खुशाल खाते. आणि स्वस्तात आपल्यापर्यंत येतं ते पांढरंच.

गाभा कुठं जातो? मार्च २०२३ मध्ये इथूनच सागवान अयोध्येला गेलं, मंदिराच्या दारांसाठी. मिरवणूक निघाली, लाकडाची पूजा झाली. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. १९३० साली नाशिकला काळारामाच्या दाराशी आपली माणसं सत्याग्रहाला बसली होती. दार उघडलं नाही. १६ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. आजा तेव्हा पोरगा होता, पायी आला होता. त्या दिवसापासून दाराचा प्रश्न आमच्यापुरता मिटला. आम्हाला दार नको. फळी पाहिजे. बाबासाहेबांनीही दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा व्हावी म्हणून.

दुसऱ्या वेळी गाभ्याचे तुकडे वेचले. दोन-दोन फुटांचेच मिळाले. बरं झालं, आखूड फळी वाकत नाही. तुकडे महिनाभर सावलीत, मधे काड्या घालून वाळवले. आधी भोक पाडलं, मग स्क्रू पिळला. दोरीनं दोन्ही माप जुळेपर्यंत चौकट ठोकून सरळ केली. पाय विटांवर ठेवले, पायांना जळकं ऑइल लावलं. भिंतीपासून चार बोटं जागा सोडली, कारण उधई जमिनीतून आणि भिंतीतून चढते. आता चढली तर दिसेल.

मांडणी देखणी नाही. एक फळी जाड, एक पातळ. रंध्याचे ओरखडे दिसतात. पण हालत नाही. वरच्या फळीवर प्लॅस्टिकमध्ये घालून आज्याच्या त्या दोन अर्ध्या पावत्या, आणि माझी फळ्यांची पावतीही. त्याखाली बाबासाहेबांचे खंड. तिसऱ्या फळीवर मायनं न विचारता डाळीचे डबे मांडले. मी काही बोललो नाही.

दाव्याचा निकाल अजून नाही. गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतलेत. तेही वरच्याच फळीवर आहेत.

दोस्तहो, आपण मोर्चे काढतो, वैचारिक मांडणी करतो. एकदा घरातली पेटी उघडून बघा. बुडाला हात लावून बघा. फळी करायची असेल तर या. रंधा माझ्याकडं आहे. दोरी पण आहे.

जय भीम.