वय झाले, असे म्हणण्यापूर्वी

आम्ही उभयता मराठीचे अध्यापक. व्यवसायच मुळी अर्थ लावण्याचा. त्यामुळे संहिता नीट वाचण्यापूर्वीच तिचा अर्थ लावून मोकळे होण्याची खोडही आमच्या अंगी मुरलेली आहे. तिची जाणीव खरे तर एखाद्या चर्चासत्रात व्हायला हवी होती. ती झाली तोंडवलीच्या घरामागच्या खोपीत, एका जुन्या मोटारसायकलीपुढे उकिडवे बसलेले असताना.

तोंडवली मालवणच्या उत्तरेस, समुद्र आणि गड नदीची खाडी यांच्या सान्निध्यातली. सुरूचे बन, माडांच्या बागा आणि अहोरात्र खारा वारा. बिजागऱ्या, कोयंडे, तारा, सारेच येथे लवकर गंजते. आप्पांनी, म्हणजे आमच्यापैकी एकाच्या वडिलांनी, २००१ साली शंभर सीसीची वापरलेली गाडी विकत घेतली आणि जवळजवळ वीस वर्षे तिच्यावरून आचऱ्याचा बाजार केला. अलीकडे ती खोपीतच असते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूरहून गेलो, तेव्हा सबंध पावसाळा ती जागची हलली नव्हती.

बारा-पंधरा किका मारल्यावर ती चालू होई, तीही चोक ओढल्यावर. चोक परत ढकलला की विझे. मूठ पिळून धरली तर गर्जे. मूठ सोडताच पुन्हा मुकी. आम्ही तत्काळ निष्कर्ष काढला : गाडी म्हातारी झाली. मग त्या निष्कर्षाला साजेसे उपचार. नवा प्लग घातला, ताजे पेट्रोल ओतले, रेसचा स्क्रू आत पिळला. गाडी बंद पडायची थांबली खरी, पण उभ्या जागी आक्रोश करू लागली. भंगारवाल्याला निरोप धाडण्यापर्यंत मजल गेली होती.

आचऱ्याकडचा एक तरुण मेकॅनिक आला. त्याने हत्यारांना हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारले.

“चोक ढकललो काय बंद पडता मां, सर? आणि रेस दिली काय चलता?”

आम्ही होकार दिला. आमच्या ‘म्हातारी झाली’ या विधानाकडे त्याने साफ दुर्लक्ष केले.

“वयाचा काय्येक नाय. भोक बुजला असतला.”

त्याचे तर्कशास्त्र आम्हांला नंतर उमगले. चोक हवा कमी करतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोलाचे प्रमाण वाढवतो. गाडी केवळ चोकवरच तगत असेल, तर एक तर पेट्रोल कमी मिळते आहे, किंवा कुठून तरी आगंतुक हवा शिरते आहे. त्याने कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या सांध्यावर साबणाचे पाणी लावून पाहिले. इंजिनाची लय बदलली नाही. हवेची शंका मिटली. मूठ पिळल्यावर गाडी नीट चालते, म्हणजे मोठा जेट मोकळा आहे. उरला पायलट जेट, मूठ मिटलेली असताना इंजिनाला घोट घोट पेट्रोल पाजणारा. एकेक शक्यता तपासून बाजूला ठेवत तो नेमक्या जागी पोहोचला.

कार्ब्युरेटरची वाटी उघडली, तर तळाशी पांढरी भुकटी आणि चिकट पिवळसर थर. आजच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढते. दमट किनाऱ्यावर चार महिने साठून राहिलेल्या पेट्रोलाने धातू खाल्ला होता. पायलट जेट त्याने उजेडासमोर धरला. केसाएवढ्या त्या छिद्रातून काहीच दिसेना. आम्ही उत्साहाने टाचणी पुढे केली, तर तो दचकलाच. टाचणीने छिद्र मोठे होते आणि मिश्रण कायमचे बिघडते. त्याने जेट रात्रभर क्लीनरमध्ये बुडवून ठेवला आणि सकाळी ब्रशाच्या नायलॉनच्या केसाने व हवेच्या झोताने मोकळा केला. इंजिन दहा मिनिटे तापू दिले, मिश्रणाचा स्क्रू हलके फिरवत सर्वांत सुरळीत जागा शोधली आणि मग आम्ही पिळलेली रेस खाली आणली. मिनिटाला चौदाशेच्या आसपास फेरे. गाडी शांतपणे, एका लयीत बोलू लागली.

आम्ही आनंदाने पडवीकडे पाहिले. आप्पा खुर्चीत बसले होते, दहा पावलांवर. त्यांनी मानही वळवली नाही. एके काळी कोणाची गाडी वळणावर आली, हे ते आवाजावरून सांगत.

वर्षभर आप्पा अबोल झाले होते. विचारल्याचे भलतेच उत्तर देत, जेवताना ताटाकडे पाहत राहत. ‘वय झाले’ हे निदान आम्ही तेथेही करून टाकले होते. इतकेच नव्हे, तर घर बंद करून त्यांना कोल्हापूरला न्यावे, ही चर्चा त्यांच्यासमोरच, त्यांना आता काही उमजत नाही अशा समजुतीने, चालवली होती. त्या सकाळी एकमेकांकडे पाहण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने मालवणला गेलो. डॉक्टरांनी कानांत पाहिले. दोन्ही कानांत मळाचे घट्ट बोळे. आम्ही कधी काडी घालून पाहिली होती काय, असेही त्यांनी विचारले. तसे केल्याने मळ उलट आत ढकलला जातो. आम्हांला टाचणी आठवली. थेंब घालून, चार दिवसांनी पुन्हा जाऊन कान स्वच्छ झाले. ऐकणे पंचविशीतले झाले नाही. वय काही खोटे नसते. पण घरी परतल्यावर आम्ही सवयीने वरच्या पट्टीत बोललो, तेव्हा आप्पा कडाडले, “बोंबलतंस कित्याक? माका आयकाक येता!”

विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ‘हा त्या काळाचा परिणाम होय’ हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे गुण देऊन सोडत आलो आहोत. काळ काय, वय काय. दोन्ही खरी असतात, म्हणूनच त्यांच्या आड आपले न वाचणे बेमालूम लपते.

कार्ब्युरेटरचेही दिवस सरले आहेत. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ चे निकष लागू झाल्यापासून नव्या मोटारसायकलींत बहुधा इंधन इंजेक्शनच येते. ही जुनी गाडी मात्र तोंडवलीतच राहील, आणि आप्पाही. तसे त्यांनी स्वतः सांगितले. या खेपेस आम्ही विचारले होते.

निघण्याच्या दिवशी त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद करायला लावला आणि वाटीतले पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत ते खोपीपाशी उभे राहिले, कान देऊन.