विहिरीच्या दोराला गाठी

वाचकहो, तुमच्या विहिरीत आज पाणी किती हातांवर आहे, ते सांगता येईल का? अंदाजाने नव्हे, मोजून. बारा वर्षांपूर्वी कोणी मला असे विचारले असते तर मी हसले असते. विहीर का मोजायची वस्तू आहे?

आमचे खेडे बोरी अरबहून आत, कच्च्या रस्त्याने जावे लागते. बाजारहाट बोरीला; मोठे काम निघाले तर दारव्हा, नाही तर यवतमाळ. गावाच्या उगवतीला ई-क्लासचे टेकाड आहे. त्यावर पळस, बोरी, थोडा साग, आणि पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत. गावची ढोरे तिथेच चरायची. पायथ्याशी आमचे चार एकर वावर आणि मामंजींनी खोदलेली विहीर.

बारा वर्षांपूर्वी गिट्टीच्या खदानीसाठी त्या टेकाडाचा एक तुकडा मागण्यात आला. ग्रामसभा भरली. कापूस वेचणीचे दिवस, सगळ्यांनाच वावरात जायची घाई. 'पडीक जागा आहे, गावाला रस्ता होईल,' एवढे कानावर आले, रजिस्टर फिरले आणि मी सही केली. कागद वाचून दाखवा, असे कोणी म्हटले नाही. मीही नाही, आणि मी सातवी शिकलेली!

पुढे पुतण्याने माहितीच्या अधिकारात तो कागद काढला. त्यात लिहिले होते: जमीन पडीक, झाडोरा नाही, जवळपास पाण्याचे साधन नाही. आमची विहीर तिथून जेमतेम तीनशे पावलांवर. जिचे पाणी पिऊन माझी तीन लेकरे मोठी झाली, ती कागदावर नव्हतीच.

पूर्वी शिमग्यापर्यंत आमचे ओलीत चालायचे. आता संक्रांतीलाच मोटर हवा ओढते. खदानीमुळेच पाणी आटले, असे मी छातीठोक सांगू शकत नाही. शिवारात बोअर वाढले, दोन-तीन साली पाऊसही कमी झाला. पण माझे दुखणे वेगळेच आहे. तक्रार घेऊन गेलो तेव्हा साहेबांनी विचारले, "बाई, खदानीच्या आधी पाणी किती होते?" मी म्हटले, "भरपूर." ते काही लिहिणार कसे? भरपूर हा आकडा नव्हे.

आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा दगड. पाणी राहते ते मुरमात आणि दगडाच्या भेगांत. टेकाडावरचा पाऊस असाच मुरत मुरत पायथ्याच्या विहिरींना येतो. खदान त्या भेगांच्या खाली गेली की पाणी आधी खड्ड्यात उतरते आणि काम चालू ठेवण्यासाठी तो खड्डा पंपाने उपसावा लागतो. सुरुंगाचे हादरे आणि पऱ्हाटीच्या पानांवर बसणारी भुकटी यांविषयी मी काय सांगावे, खदानीशेजारी राहणाऱ्यांना ते ठाऊकच आहे.

आम्हाला गिट्टी नको असे नाही. माझ्या घराचा स्लॅब गिट्टीचाच आहे, गावातली पाच-सहा पोरे खदानीवर कामाला जातात. पण कागद तरी खरा असावा की नाही? रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या पर्यावरण अहवालात स्प्रूस आणि बर्च ही थंड मुलखातली झाडे निघाली होती. अहवाल रशियातल्या एका खाणीच्या अहवालावरून उतरवलेला! कोकणातल्या कोणत्याही गुराख्याला ही झाडे विचारली असती तर चोरी तिथेच पकडली गेली असती.

आता आमच्या टेकाडाच्या दुसऱ्या अंगाला नवी जागा मागितली आहे, पाच हेक्टरांहून मोठी. पहिल्या वेळी जनसुनावणी नव्हती. लहान खाणींना ती सहसा होत नाही. मात्र पर्यावरण मंजुरी त्यांनाही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले आहे. या वेळी सुनावणी होईल. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे तिची सूचना निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात यावी लागते. अहवालाचा गोषवारा मराठीत मिळायला हवा. अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी बसतात, चित्रीकरण होते, आणि शेवटी कोण काय बोलले ते लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे लागते. ते वाचन होईपर्यंत जागेवरून उठू नका. आमच्याकडे जेवणाच्या पंगतीची हाक आली की माणसे उठतात, म्हणून सांगते.

गोव्यात केपे तालुक्यातल्या खाणीचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. लोकांच्या हरकतींचा विचार झाला का आणि त्या का फेटाळल्या, याची कारणे तज्ज्ञ समितीने दिली पाहिजेत, असे न्यायालयाने २००९ साली म्हटले. पण हरकतीत काही धरण्याजोगे असेल तरच तिला कारणाने उत्तर द्यावे लागेल ना? 'आमचे नुकसान होईल' एवढ्याने काय होते?

अहवालासाठी पाहणी करणारे बहुधा पावसाळा सोडून एकच हंगाम मोजतात. आमच्यापाशी बारा महिने आहेत. म्हणून गेल्या दिवाळीपासून आम्ही सात घरच्या बायकांनी दोराला हात-हातावर गाठी मारल्या आहेत. दर अमावास्येला, आदल्या रात्रीपासून मोटर बंद ठेवून, पहाटे अकरा विहिरी मोजायच्या. काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी गेल्या, ते वहीत तारखेसह लिहायचे. खाली दोघींच्या सह्या. वहीच्या मागच्या पानांवर आमच्या म्हाताऱ्या गुराख्याने सांगितलेली टेकाडावरची झाडे उतरवली आहेत, चौतीस नावे. त्यातली पाच मला माहीतच नव्हती. ढोरे पितात तो झराही त्यानेच दाखवला. तोही कागदावर कुठे नव्हता.

सुरुवातीला घरची पुरुषमंडळी हसली. "पोहरा सोडून वही कशाला विहिरीत टाकता?" असे आमच्या धाकट्या भाऊजींनी विचारले होते. आता कंदील धरायला तेच येतात.

काल अमावास्या होती. आमच्या विहिरीत एकोणीस गाठी गेल्या तेव्हा दोर भिजला. गेल्या महिन्यात सतराच गेल्या होत्या. सासूबाईंना लिहिता येत नाही. त्यांनी अंगठा उठवला, शाई पदराला पुसली आणि विचारले, "सुनावणीला मला कोण नेणार?"